पैसा सरकारचा, धर्म कोणाचा?

शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढून पुरती चार वर्षंही झाली नव्हती, तोच पुण्यात विश्रामबागवाड्यात कंपनी सरकारने एक पाठशाळा उघडली. ६ ऑक्टोबर १८२१ ची ही गोष्ट. शिकवायला शास्त्रीपंडित, शिकायला ब्राह्मणांची मुलं, विषय वेद, न्याय, धर्मशास्त्र, ज्योतिष. आणि या सगळ्याचा खर्च ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या तिजोरीतून. पेशवाईत दरवर्षी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. राज्य गेलं तेव्हा ती एकदम बंद केली तर पुण्यातला सगळा शास्त्रीवर्ग बिथरेल, हे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला पक्कं ठाऊक होतं. त्याने दक्षिणा चालू ठेवली आणि तिचा काही भाग या पाठशाळेकडे वळवला.

गंमत अशी की याच एल्फिन्स्टनने पुढे दोन-तीन वर्षांत मुंबई इलाख्यातल्या शिक्षणावर जे लांबलचक टिपण लिहिलं, त्यात सरकारी शिक्षणात धर्माची भेसळ मुळीच होता कामा नये असं निक्षून बजावलं. मग विश्रामबागवाड्यातले वेद? ते त्याच्या लेखी धर्मशिक्षण नव्हतंच. ती राजकीय सोय होती. भेसळ म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढे बायबल होतं. नव्यानेच जिंकलेल्या मुलखात, सरकार आपल्या पोरांना बाटवायला निघालंय अशी आवई उठली तर काय होईल, ही त्याची खरी चिंता. धर्माबाबत सरकारने तटस्थ राहावं हे तत्त्व आपल्याकडे कुणा तत्त्वचिंतकाच्या पोथीतून आलेलं नाही. ते भीतीपोटी जन्मलं. पण भीतीपोटी जन्मलं म्हणून ते वाईट ठरत नाही.

त्याच टिपणात आणखी एक सावध इशारा आहे. मिशनऱ्यांना सगळ्यांत चांगले विद्यार्थी खालच्या जातींत मिळतात, पण सरकारने त्यांच्यापासून सुरुवात केली तर नवं शिक्षण वरच्या जातींत कधी रुजणार नाही, असं त्याचं म्हणणं. धर्मात हात घालायचा नाही याचा व्यवहारातला अर्थ, जातीलाही हात लावायचा नाही, असा होणार याची चुणूक इथेच दिसते.

मग मुलांना नीती शिकवायची कशी? मुंबईच्या शिक्षणमंडळींनी यावर तोडगा काढला तो मजेशीर आहे. १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीति’ आणि ‘बाळमित्र’ ही पुस्तकं छापून निघाली आणि मराठी शाळांतून वाचली जाऊ लागली. कोल्हा, करकोचा, सिंह आणि उंदीर यांना ना सोवळं ना बाप्तिस्मा. नीती आली आणि धर्म दाराबाहेर राहिला. मराठी माणसाच्या चार पिढ्या या प्राण्यांच्या संगतीत शहाण्या झाल्या, त्यामागे सरकारी सावधगिरी होती हे आता कुणाच्या लक्षातही नाही.

सरकारी शाळेचं असं होतं. मिशनच्या शाळेचं तसं नव्हतं. अमेरिकन मिशनरी १८१३ पासून मुंबईत होते, स्कॉटलंडचा जॉन विल्सन १८२९ मध्ये आला. त्यांच्या शाळांत इंग्रजी उत्तम, शिक्षक मन लावून शिकवणारे, आणि बायबल हा अभ्यासाचाच भाग. लपवाछपवी काही नव्हती. आईबापांना हे सगळं माहीत असूनही ते मुलं पाठवत, कारण इंग्रजी आलं की नोकरी होती. बायबलचा तास म्हणजे इंग्रजीसाठी मोजायची किंमत, असा साधा हिशेब. १८३९ मध्ये विल्सनच्या शाळेतल्या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा हा हिशेब चुकला. पारशी समाज हादरला, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, शाळेतली पारशी मुलं भराभर काढून नेली गेली.

हिंदूंवर ती पाळी १८४३ मध्ये आली. नारायण शेषाद्री हा मिशनच्या शाळेत शिकलेला ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. पुढे जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती उभारणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री ते हेच. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्या मागोमाग मिशनऱ्यांच्या घरी जाऊन राहिला. पोरगा अजून अज्ञान. बापाने कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण इथे संपलं, पण खरी लढाई आता सुरू झाली. मिशनऱ्याच्या घरी जेवलेल्या या मुलाला परत जातीत घ्यायचं की नाही?

घ्यायचं, असं म्हणणारा माणूस होता बाळशास्त्री जांभेकर. ‘दर्पण’कार, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधले प्राध्यापक, मुंबई इलाख्यातल्या विद्वानांत अग्रगण्य. पोर अजाण आहे, प्रायश्चित्त द्या आणि घ्या, असा त्यांचा आग्रह. शास्त्राधार त्यांनी शोधले, प्रायश्चित्ताची तजवीज केली, आणि मुंबईत नुसता गहजब उडाला. एका पोराच्या जेवणावरून शहरातल्या ब्राह्मणांत दोन तट पडले, एकमेकांवर बहिष्काराची शस्त्रं निघाली. बाळशास्त्री त्यानंतर तीन वर्षांतच गेले, १८४६ मध्ये, ऐन उमेदीत. हे प्रकरण धर्मांतराच्या इतिहासात वाचायची पद्धत आहे. मला ते शिक्षणाच्या इतिहासातलं वाटतं. चांगली शाळा एकच असेल आणि ती एका धर्माची असेल, तर शिकायला पाठवणारा बाप नेमकं काय पणाला लावतो, हे त्यात उघड दिसतं.

तरी १८४३ पर्यंत या शाळा मिशनच्या पैशावर चालत होत्या. बाप फार तर मिशनऱ्याला दोष देई. सरकारचा त्यात पैसा नव्हता. तो आला १८५४ मध्ये.

१९ जुलै १८५४ चा चार्ल्स वुडचा खलिता म्हणजे हिंदुस्थानातल्या शिक्षणाची सनद, असं शाळेत आपण पाठ करतो. शंभर परिच्छेदांच्या त्या खलित्यातला धर्माबद्दलचा भाग मुद्दाम वाचण्यासारखा आहे. सरकारी शाळांतलं शिक्षण निखळ ऐहिक राहील, हे आधी सांगितलं आहे. मग लगेच, शाळांच्या ग्रंथालयांत बायबल ठेवलेलं आहे ते योग्यच आहे, मुलांनी आपण होऊन काही विचारलं तर शिक्षकाने शाळेच्या वेळाबाहेर सांगायला हरकत नाही, अशी पुस्ती. आणि खासगी शाळांना अनुदान द्यायचं ते तिथल्या धर्मशिक्षणाकडे संपूर्ण दुर्लक्ष करून. सरकारी तपासनीस शाळेत येईल, हिशेब तपासेल, मुलांना भूगोल विचारेल; धर्माचा तास चालू असेल तर त्याबद्दल एक शब्द काढणार नाही. चांगलाही नाही आणि वाईटही नाही.

म्हणजे सकाळच्या पहिल्या तासाला बायबल, दुसऱ्या तासाला गणित. सरकार पैसे देतं ते गणिताचे. पण शाळेच्या तिजोरीत गेलेल्या रुपयावर ‘फक्त गणितासाठी’ असं काही लिहिलेलं नसतं. गणिताच्या मास्तरचा पगार सरकारने दिला की वाचलेल्या पैशात धर्मोपदेशक ठेवता येतो, हे न कळण्याइतका वुड भाबडा नव्हता. अनुदान सर्वांना खुलं होतं, हिंदूंनी शाळा काढावी, मुसलमानांनी काढावी, असं खलित्याचं उत्तर होतं. ते न्याय्य होतं, फक्त त्या वेळी शाळा चालवण्याची यंत्रणा जवळजवळ एकट्या मिशनऱ्यांकडे होती.

याच सुमाराला एल्फिन्स्टनच्या सावधगिरीची दुसरी बाजू उघडी पडली. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. शाळेने नाकारला. अर्ज वरपर्यंत गेला आणि मुंबई सरकारने शाळेचीच बाजू घेतली: एका मुलाला घेतलं तर बाकीची सगळी मुलं निघून जातील. विलायतेहून पुढे सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचा निर्वाळा आला, पण गावोगावच्या शाळांच्या ओसरीवर तो पोचायला अनेक दशकं लागली. सरकार कुणाच्या धर्मात हात घालत नव्हतं, आणि धर्म म्हणून जे चाललं होतं त्यात अस्पृश्य मुलाने व्हरांड्याबाहेर उभं राहणंही येत होतं. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त जोतीराव फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता या मांग मुलीचा निबंध छापून आला. वेद ब्राह्मणांचे, ते आम्हाला वाचायचे नाहीत, तर मग आमचा धर्म कुठला, असा तिचा रोकडा सवाल. शाळेत धर्म शिकवावा की नाही याचा खल करणाऱ्या एकाही साहेबाला हा प्रश्न सुचला नव्हता.

मग सत्तावन्न झालं. बंडाची कारणं शोधताना लंडनमध्ये दोन तट पडले, आणि दोघांचं बोट शाळेकडेच. लॉर्ड एलनबरो म्हणाले, मिशनच्या शाळांना अनुदान दिलंत म्हणून लोकांचा संशय वाढला. तिकडे पंजाबात हर्बर्ट एडवर्ड्‌स उलट टोकाला: आपण ख्रिस्ती असल्याचं लपवलं म्हणून देवाने शिक्षा केली, आता सरकारी शाळांत उघड बायबल शिकवा. विलायतेत या दुसऱ्या मागणीला बराच जोर होता. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात कुणावर आपला धर्म लादण्याचा हक्कही नको आणि इच्छाही नाही असं आलं, आणि पुढच्या वर्षी लॉर्ड स्टॅनलीच्या खलित्याने बायबलचा प्रश्न निकालात काढला. सरकारी शाळेच्या वेळापत्रकात ते येणार नाही. अनुदानाची पद्धत मात्र कायम राहिली.

पुढचा मोठा सामना १८८२ चा. सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग बसला. तो बसवण्यामागे विलायतेतल्या मिशनधार्जिण्या मंडळींचा रेटा होता. सरकारी शाळा निधर्मी, तिथली पोरं नास्तिक आणि उद्धट होतात, तेव्हा सरकारने उच्च शिक्षणातून अंग काढून ते खासगी संस्थांकडे, म्हणजे पर्यायाने आमच्याकडे, सोपवावं असा त्यांचा रोख. पोरं उद्धट झाली आहेत ही तक्रार आपल्याकडच्या सनातनी घरांतही होतीच. त्यांना वेद हवे होते आणि मिशनऱ्यांना बायबल, पण सरकारी शाळेवर दोघांचा राग सारखाच होता.

आयोगात मुंबईचे काशीनाथ त्र्यंबक तेलंग होते. वय बत्तीसच्या आसपास, हायकोर्टातले वकील. याच वर्षी मॅक्समुल्लरच्या ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ मालेत त्यांचं भगवद्‌गीतेचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालं होतं. म्हणजे धर्मग्रंथांचा अभ्यास आणि आस्था यांत आयोगातल्या कुणाही पाद्र्याला ते हार जाणारे नव्हते. आयोगाच्या बहुमताने शिफारस केली की सगळ्या धर्मांना मान्य होतील अशा ‘नैसर्गिक धर्मा’च्या मूलतत्त्वांवर एक नीतीचं पाठ्यपुस्तक तयार करावं आणि ते महाविद्यालयांत शिकवावं. शिवाय मनुष्याच्या आणि नागरिकाच्या कर्तव्यांवर प्राचार्यांनी दरवर्षी व्याख्यानं द्यावीत. वरवर किती निरुपद्रवी! कुणाचाच धर्म नाही, सगळ्यांचा थोडा थोडा.

तेलंगांनी भिन्न मतपत्रिका जोडली. सगळ्यांना चालेल असा धर्म काढायला बसलं की एक तर हातात काही उरत नाही, नाही तर जे उरतं ते कुणाच्या तरी श्रद्धेला बोचतं, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा. तरुणाला वळण लागतं ते अभ्यासातून, शिस्तीतून, शिकवणाऱ्याच्या वागण्यातून. वचनांच्या पुस्तकातून नव्हे. आणि ज्यांना आपल्या मुलांना धर्म शिकवायचाच आहे त्यांनी खुशाल आपल्या संस्था काढाव्यात. सरकारी संस्थांनी त्या फंदात पडू नये. ते पाठ्यपुस्तक पुढे सरकारने काढलं नाही. गीतेचा भाषांतरकार सरकारी वर्गात धर्म नको म्हणतो, ही विसंगती आहे असं ज्यांना वाटेल त्यांनी तेलंगांची मतपत्रिका जरूर वाचावी. धर्म फार महत्त्वाचा वाटतो म्हणूनच तो शिक्षणखात्याच्या कारकुनाच्या हाती द्यायला त्यांचं मन धजत नव्हतं.

याच आयोगापुढे ऑक्टोबर १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपलं निवेदन ठेवलं. त्यांना नैसर्गिक धर्माशी कर्तव्य नव्हतं. कर आमचा शेतकरी भरतो आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गावर उधळला जातो, ही त्यांची मुख्य तक्रार. गावच्या शाळेत मोडी, बाळबोध, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, शेतीची ओळख आणि नीती व आरोग्य यांचे काही धडे असावेत. मास्तर ब्राह्मणच असला तर त्याचे धार्मिक ग्रह त्याला बाकीच्या मुलांपासून लांब ठेवतात, म्हणून शेतकऱ्यांतून शिक्षक तयार करा. वेळापत्रकात धर्म नसला तरी तो मास्तरच्या पागोट्याबरोबर वर्गात येतो, हे फुल्यांनी ओळखलं होतं. आयोगाच्या जाडजूड अहवालात धर्मावरची पानंच्या पानं आहेत, पण ही गोष्ट इतक्या स्वच्छपणे कुठे सांगितलेली नाही.

आयोगाने आणखी एक शिफारस केली, ती मात्र फार दूरवर पोचली. एखाद्या गावात त्या दर्जाची एकच शाळा असेल आणि तिथे धर्मशिक्षण हा नेहमीच्या अभ्यासाचा भाग असेल, तर आईबापांना आपलं मूल त्या तासापुरतं काढून घेता यावं आणि त्याबद्दल शाळेतली कुठलीही सवलत त्याने गमावू नये. इंग्लंडमध्ये १८७० च्या शिक्षण कायद्याने असंच कलम आणलं होतं. तिथे भांडण ख्रिस्ती पंथापंथांचं होतं. इथे गावातली एकुलती एक शाळा परक्या धर्माची असण्याचं. पण उपाय लागू पडणारा होता. शाळेला धर्म असू द्या, पोराला सक्ती नको.

विसाव्या शतकात राष्ट्रीय शिक्षणाची लाट आली तेव्हा टिळकांनी १९०८ मध्ये बार्शीच्या भाषणात राष्ट्रीय शिक्षणाची अंगं सांगताना धर्मशिक्षणाला पहिलं स्थान दिलं. विष्णु गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय याच विचाराचं. पण ही शाळा सरकारी अनुदानावर नव्हती, आणि सरकारने ती १९१० मध्ये बंद पाडली ती धर्म शिकवते म्हणून नव्हे. टिळक आणि तेलंग यांच्या स्वभावात, राजकारणात जमीन-अस्मानाचं अंतर. तरी धर्म शिकवायचा तर स्वतःच्या हिमतीवर संस्था काढून, या मुद्द्यावर दोघे एकाच ठिकाणी येऊन पोचतात.

गांधीजी कुठे पोचले ते याहून विलक्षण. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन समितीने नई तालीमची योजना आखली: चरखा, शेती, मातृभाषा, सफाई, सगळं आलं. धर्म नव्हता. ज्याच्या दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होते त्या माणसाच्या योजनेत धर्मशिक्षण कसं नाही, असं लोकांनी विचारलं. आज धर्म ज्या रीतीने शिकवले आणि पाळले जातात त्यातून एकी होण्याऐवजी भांडणंच होतात, म्हणून ते मुद्दाम वगळलं, असं त्यांनी उत्तर दिलं. त्या वर्ष-दोन वर्षांत मध्य प्रांतात, म्हणजे नागपूर-वऱ्हाडातही, रविशंकर शुक्लांच्या विद्यामंदिर योजनेवरून मुसलमानांचा विरोध पेटला होता, शाळेतल्या ‘वंदे मातरम्’वरून तक्रारी चालल्या होत्या. वर्धा काही या गदारोळापासून दूर नव्हतं.

युद्धाच्या काळात मध्यवर्ती शिक्षण सल्लागार मंडळाने लाहोरचे बिशप बार्न यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. खूप खल झाला आणि १९४६ मध्ये मंडळाने ठरवलं की धार्मिक शिक्षण महत्त्वाचं आहे खरं, पण ती जबाबदारी घराची आणि त्या त्या समाजाची. एका बिशपाच्या समितीचा शेवट या ठरावात व्हावा, हे विशेष. फाळणीच्या उंबरठ्यावर लाहोरच्या माणसाला आणखी कोणता सल्ला सुचला असता!

स्वातंत्र्यानंतर याच्या नेमकं उलट बोलले ते मौलाना आझाद. जानेवारी १९४८ मध्ये शिक्षणमंत्री म्हणून मंडळापुढे बोलताना त्यांनी विचारलं, सरकारने निव्वळ ऐहिक शिक्षण दिलं तर लोक काय करतील? मुलांना धर्म शिकवायला खासगी ठिकाणी पाठवतील. आणि तिथे काय शिकवलं जातं ते आपण पाहतोच आहोत. त्यापेक्षा सरकारच्या देखरेखीखाली समंजस शिक्षकाकडून शिकलेलं काय वाईट? मक्केत जन्मलेला, कुराणाचा भाष्यकार असलेला हा मंत्री जे सांगत होता त्यात अनुभव होता. आजही हा युक्तिवाद मला सहजासहजी खोडता येत नाही.

तो खोडला गेला घटना समितीत, आणि खोडणारे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मसुद्यातलं कलम २२ चर्चेला आलं ७ डिसेंबर १९४८ ला. अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष एच. सी. मुखर्जी. त्याआधी १९४७ च्या ऑगस्टमध्ये रेणुका राय यांनी सरकारी शाळेत सांप्रदायिक धर्मशिक्षण नकोच असा आग्रह धरला होता. आदल्याच दिवशी, ६ डिसेंबरला, मध्य प्रांत-वऱ्हाडचे हरी विष्णू कामत यांनी शासनाला आध्यात्मिक शिक्षण देण्याची मोकळीक असावी अशी सूचना मांडून पाहिली होती. ती फेटाळली गेली. आता मद्रासचे महंमद इस्माईल उभे राहिले. ज्यांना हवं आहे त्यांना सरकारने धर्म शिकवायला काय हरकत, सक्ती नको म्हणजे झालं, असा त्यांचा मुद्दा. प्रा. के. टी. शहांचं लक्ष पैशाकडे. धर्मादाय निधीतून निघालेल्या ज्या संस्था सरकार चालवतं त्यांना धर्मशिक्षणाची सूट द्यायची, तर त्या निधीच्या उत्पन्नातून सगळा खर्च भागत असेल तरच द्या. सरकारी पैसा मागच्या दाराने धर्माकडे जाऊ देऊ नका.

बाबासाहेबांनी इस्माईलना तीन मुद्द्यांत उत्तर दिलं. एक, कुठल्याही धर्मासाठी कर लावायचा नाही असं आपण दुसऱ्या कलमात मान्य करतोय, मग करांच्या पैशाने धर्म कसा शिकवणार? दोन, या देशात इतके धर्म आणि पंथ आहेत की एकाला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल, आणि ते सरकारला झेपणार नाही. तिसरा मुद्दा बोचरा होता. आपले धर्म नुसते वेगळे नाहीत, प्रत्येकाचा दावा असा की मोक्ष आपल्याच वाटेने. असे परस्परांना खोटं ठरवणारे दावे एकाच शाळेच्या छपराखाली शिकवायला लागलं तर तिथली शांतता टिकेल कशी? फाळणीच्या कत्तलींना सव्वा वर्ष झालं होतं, गांधीजींना जाऊन वर्षही व्हायचं होतं. त्या सभागृहात हा प्रश्न कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

पण त्या दिवशीचा सर्वांत मोलाचा खुलासा एका मध्येच आलेल्या शंकेतून निघाला. बंगालचे पंडित लक्ष्मीकांत मैत्र यांनी विचारलं, सरकारी संस्कृत महाविद्यालयात वेद, स्मृती, गीता शिकवतात, त्यावर ही बंदी येणार का? विश्रामबागवाडा सव्वाशे वर्षांनी दिल्लीत उभा राहिला म्हणायचा! बाबासाहेबांनी धर्मोपदेश वेगळा आणि अभ्यास वेगळा, अशी रेघ ओढली. देव एक आहे, पैगंबर शेवटचा प्रेषित आहे असं मानायला शिकवणं हा धर्मोपदेश. त्या धर्माचा, त्याच्या ग्रंथांचा अभ्यास ही निराळी गोष्ट. ज्या मुलाला महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागेल असा समाज वाट्याला आला, जो सातारच्या शाळेत गोणपाटावर वेगळा बसला, त्या मुलाने मोठेपणी वेदांचा अभ्यास सरकारी महाविद्यालयात राहू दिला.

अखेर जे कलम २८ झालं ते एल्फिन्स्टन, वुड, हंटर आणि आंबेडकर या सगळ्यांचे थर एकावर एक बसलेलं कलम आहे. सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण नाही. सरकार चालवत असलेली, पण धर्मशिक्षणाच्या अटीवरच्या देणगीतून स्थापन झालेली संस्था असेल तर तिला सूट, प्रा. शहांची अट काही मान्य झाली नाही. आणि सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत धर्मशिक्षण चालेल, मात्र कुणावर सक्ती नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती हवी. आपली धर्मनिरपेक्षता फ्रान्ससारखी का नाही असं विचारणाऱ्यांनी या तिसऱ्या पोटकलमाकडे पाहावं. ते थेट १८८२ च्या शिफारशीचं नातवंड आहे. गावात शाळा काढणारे मिशनरी होते, मग रयत, मराठा समाज, आर्यसमाज, अंजुमन असे सगळे आले. त्यांचं अनुदान तोडलं असतं तर शाळाच उरल्या नसत्या, आणि सरकारकडे नव्या काढायला पैसा नव्हता.

कलम झालं तरी हुरहूर गेली नाही. दर दहा-पंधरा वर्षांनी कुणाला तरी पोरं बिघडल्याचा साक्षात्कार होतो आणि एक समिती बसते. १९५९ च्या समितीचे अध्यक्ष होते श्रीप्रकाश, तेव्हाचे मुंबई राज्याचे राज्यपाल. त्यांनी मौन, थोरांची चरित्रं, नैतिक मूल्यं असा मार्ग सुचवला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक, तिथे धर्माचं शिक्षण नको, धर्मांविषयीचं शिक्षण हवं, असा आंबेडकरांच्या रेघेला जुळणारा भेद आला. १९९९ मध्ये शंकरराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने मूल्यशिक्षणात सर्व धर्मांची मूलतत्त्वं यावीत असं सांगितलं, आणि २००२ मध्ये अरुणा रॉय विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या अहवालाचा आधार घेत नवा अभ्यासक्रम उचलून धरला. तेलंगांना ती वाक्यं ओळखीची वाटली असती.

एवढ्या समित्यांनी मुलांचा विचार केला, मास्तरचा फारसा कुणी केला नाही. तो प्रश्न २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आला. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतले शिक्षक प्रार्थनेच्या वेळी उभे राहत, पण हात जोडत नसत. संस्थेने ही बेशिस्त ठरवून त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली. शाळेच्या वकिलांना प्रार्थना ही शिस्तीची बाब वाटत होती. न्यायालयाने हात जोडण्याची सक्ती हा मूलभूत हक्काचा भंग ठरवला आणि त्यांचं देणं देण्याचा आदेश दिला.